दिग्दर्शकाला अभिनय कळला पाहिजे

एकांकिका स्पर्धांचा हंगाम संपला की बेळगावातल्या हौशी नाटकवाल्यांमध्ये एक वाद हमखास उफाळतो, आणि यंदाही तो उफाळला आहे. एखाद्या प्रयोगाला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळालेले असते. नेपथ्य, प्रकाश, समूहाच्या हालचाली या सगळ्यांत तो प्रयोग उजवा असतो, पण त्यातला एकही नट प्रेक्षकांच्या लक्षात राहिलेला नसतो. मग एक बाजू म्हणते की अभिनय हे नटाचे काम आणि कल्पना मांडणे हे दिग्दर्शकाचे. नट कमी पडले तर त्याचा ठपका दिग्दर्शकावर कशाला? दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की ज्याने कधी तोंडाला रंग लावला नाही त्याने दिग्दर्शनाच्या वाटेला जाऊच नये. हा वाद वर्षानुवर्षे याच दोन टोकांवरून लढवला जातो आणि म्हणूनच तो कुठेही पोहोचत नाही. माझे मत असे आहे की दिग्दर्शक चांगला नट असण्याची काहीच गरज नाही. पण नट विचार कसा करतो, भूमिका त्याच्यात कोणत्या वाटेने उतरते, त्याचे पाऊल अडते ते नेमके कुठे, आणि ती अडचण सोडवण्याची कोणती साधने अभिनयाच्या अभ्यासकांनी आजवर घडवली आहेत, हे त्याला माहीत असलेच पाहिजे. दिग्दर्शनाचा गाभा मी यालाच मानतो. प्रकाशयोजनाकार मिळतो, नेपथ्यकार मिळतो, संगीत देणारा मिळतो. नटाच्या मनातला गुंता सोडवायला तालमीत दिग्दर्शकाखेरीज दुसरे कोणीही नसते.

पहिल्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. प्रयोग हा सुट्या भूमिकांची बेरीज नसतो. संहितेचा अर्थ लावणे, लय बांधणे आणि प्रेक्षकाची नजर कधी कुठे जावी हे ठरवणे ही कामे नटाच्या जागेवरून दिसतच नाहीत, त्यासाठी समोर बसलेला माणूस लागतो. या विचाराला मोठी परंपराही आहे. एडवर्ड गॉर्डन क्रेग या इंग्रज रंगकर्मीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे मांडले होते, की जिवंत नट हे कलेचे भरवशाचे माध्यम नाही आणि त्याची जागा एका श्रेष्ठ प्रतीच्या बाहुलीने घ्यावी. हे विधान आजही दिग्दर्शकाच्या सर्वाधिकाराच्या बाजूने पुढे केले जाते. पण क्रेग स्वतः नट होता आणि एलन टेरीसारख्या थोर अभिनेत्रीचा मुलगा होता, हे सांगायचे मात्र राहून जाते. नटाला बाजूला सारण्याची भाषा त्याने केली ती नटाच्या सवयी आणि पळवाटा घरातून आणि रंगमंचावरून ओळखून झाल्यावर. ज्याने नट कधी जवळून पाहिलाच नाही, त्याने तीच भाषा उचलली तर तिला काय अर्थ उरतो?

याहून बोलके उदाहरण रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींचे आहे. 1890 मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेन संस्थानाची नाटक मंडळी मॉस्कोत आली. त्यांची शिस्तबद्ध गर्दीची दृश्ये आणि तालमीवर हुकूमत गाजवणारा त्यांचा दिग्दर्शक क्रोनेक यांची तरुण स्तानिस्लावस्कींवर इतकी छाप पडली, की त्यांनी तीच हुकूमशाही पद्धत आपल्या तालमीत आणली. कोणी कधी वळायचे, कुठे थांबायचे, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळे आधी वहीत लिहून ते नटांकडून करवून घेत. पुढे आत्मचरित्रात त्यांनी स्वच्छपणे लिहिले आहे, की आपली नक्कल करणारे अनेक हुकूमशहा दिग्दर्शक रशियात तयार झाले आणि नट त्यांच्या हातातल्या वस्तू होऊन बसले. ज्या माणसाचे नाव आज अभिनयपद्धतीशी जोडले जाते, तो दिग्दर्शकाच्या एकाधिकारातून निघून नटाच्या मनापर्यंत पोहोचायला अर्धे आयुष्य खर्चून आला. 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले, नाव झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आपल्याच भूमिका यांत्रिक झाल्याचे जाणवल्यावर त्यांनी ‘पद्धती’च्या शोधाला सुरुवात केली. आपल्याकडचे काही हुशार तरुण दिग्दर्शक आज जिथून निघाले आहेत ते स्तानिस्लावस्कींनी मागे टाकलेले ठिकाण आहे, आणि त्यांना ते नावीन्य वाटते.

हा प्रश्न तालमीत कसा दिसतो ते सांगतो, कारण तत्त्वापेक्षा तिथेच तो चांगला कळतो. आमच्याकडच्या एका एकांकिकेत एक शेतकरी आपले रान रस्त्याच्या कामात गेल्याची बातमी घेऊन घरी येतो आणि ती बायकोला सांगतो, असा प्रसंग होता. शेतकऱ्याचे काम करणारा मुलगा उद्यमबागेतल्या फौंड्रीत दिवसभर उभा राहून संध्याकाळी तालमीला येणारा. दिग्दर्शक त्याला रोज एकच सांगत होता, ‘दुःख दिसत नाही, अजून आत जा, आवाज जड कर.’ मुलगा प्रामाणिक होता. त्याने आवाज जड केला, खांदे पाडले, नजर जमिनीला लावली, आणि दर दिवशी ते सगळे थोडे अधिक करत गेला. जितके तो करत गेला तितका तो प्रसंग खोटा होत गेला. शेवटी तालीम पाहायला आलेल्या एका जुन्या नटाने त्याला विचारले, ‘घरात पाऊल टाकल्यावर बायकोकडून तुला काय पायजे?’ बराच विचार करून तो म्हणाला, ‘तिनं विचारू नये.’ ‘मग तिनं विचारू नये म्हणून तू काय करशील?’ पुढच्या वेळी तो आत आला तो थेट तांब्या उचलून पाय धुवायला बसला. खूप वेळ पाय धूत राहिला, म्हशीने दूध किती दिले ते विचारले, छपराची गळती काढली. आवाज हलका, जवळजवळ आनंदी. आणि मग मध्येच, टॉवेलने पाय पुसता पुसता, ‘रान गेलं’ एवढे म्हणाला. बायकोचे काम करणारी मुलगी आपले वाक्य विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

त्या दोन प्रश्नांत जे ज्ञान होते ते आकाशातून पडलेले नव्हते. भावना थेट साकारता येत नाही. माणसाला काहीतरी हवे असते, ते मिळवायला तो काहीतरी करतो, त्याच्या आड काहीतरी येते, आणि भावना या झटापटीतून आपसूक निपजते. आधुनिक अभिनयविचाराचा हा पाया आहे आणि तो परकाही नाही. भरताचे रससूत्र आपण परीक्षेपुरते पाठ करतो: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. म्हणजे कारण, त्याचे शरीरावरचे परिणाम आणि मनात येऊन जाणाऱ्या छटा एवढेच नटाने पुरवायचे. रस हा त्यांच्या संयोगातून निष्पन्न होतो. ‘करुण दाखव’ असे नटाला सांगणारा दिग्दर्शक भरताने लावून दिलेला क्रमच उलटा करतो. नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतला सात्त्विक अभिनय मनाच्या एकाग्रतेतून उपजतो असे म्हटले आहे. अश्रू, रोमांच, स्वरभेद यांची मागणी हुकूम देऊन पुरी होत नाही. मग दिग्दर्शकाने काय करायचे? नटाचे मन ज्यावर एकाग्र होईल असे काहीतरी त्याला द्यायचे. ते काय असावे हे ठरवायला नटाचे मन कसे चालते ते ठाऊक असावे लागते, आणि हे ज्ञान नसेल तर उत्तमातली उत्तम कल्पनाही प्रकाशयोजनेच्या पलीकडे जात नाही.

इथे एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. सत्यजित राय नट नव्हते; मग त्यांनी नवख्या मुलांकडून आणि म्हाताऱ्या चुनीबालादेवींकडून ते काम कसे करून घेतले? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर रायांच्याच कामात आहे. ‘पथेर पांचाली’मध्ये छोटा अपू काश नावाच्या उंच गवताच्या फुलांच्या रानातून आपल्या बहिणीला शोधत चालतो. ते काम करणाऱ्या मुलाला चालणे जमेना. तो सरळ, ताठ, कॅमेऱ्यासाठी चालल्यासारखा चाले. रायांनी त्याला ‘बावरलेला दिस’ असे सांगितले नाही. त्यांनी त्याच्या वाटेत ठिकठिकाणी ओलांडाव्या लागतील अशा लहान अडथळ्यांची मांडणी केली आणि गवतात माणसे लपवून त्यांना ठरलेल्या वेळी त्याला हाक मारायला लावली. मुलगा अडथळा ओलांडे, हाक आली की मान वळवी, पुन्हा चाले. पडद्यावर दिसते ते शोधणारे, थबकणारे, बावरलेले मूल. नट नसलेल्या माणसाला अभिनय किती खोलवर कळू शकतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. लहान मूल भाव दाखवू शकत नाही, पण काम करू शकते, आणि कामात गुंतलेल्या चेहऱ्यावर भाव आपोआप येतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून रायांचे उदाहरण ‘दिग्दर्शक नटच असला पाहिजे’ म्हणणाऱ्यांना गप्प करते, आणि ‘दिग्दर्शकाला अभिनय कळायची गरज नाही’ म्हणणाऱ्यांनाही त्याचा आधार मिळत नाही.

सिनेमावाल्यांचा दुसरा दाखला रशियन चित्रपट-दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगाचा असतो: नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला तर भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी जोडला तर शोकाकुल. म्हणजे अभिनय संकलनाच्या टेबलावर होतो, असा निष्कर्ष काढला जातो. रंगमंचावर संकलनाचे टेबल नसते, एवढे उत्तर नाटकापुरते पुरेसे आहे. पण सिनेमातही तो चेहरा उपयोगी पडला, कारण त्यावर आधीच कुठली भावना चितारलेली नव्हती; दुःखाची जाहिरात करणारा चेहरा वाडग्याशेजारी ठेवून कोणताही संकलक त्याला भुकेला करू शकणार नाही. नटाने केव्हा काहीही करू नये, हे कळणेही अभिनय कळण्याचाच भाग आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे. नटाने दिग्दर्शक व्हावे हा आग्रह आमच्या भागात स्वाभाविक आहे, कारण आमचा इतिहासच तसा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 मध्ये जन्मले ते या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर येण्यापूर्वी त्यांचे नाटकाचे वेड बेळगावातही जोपासले गेले, आणि ते नाटक लिहीत, बसवीत आणि त्यात भूमिकाही करीत. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले, इथेच काही काळ शिक्षक होते, आणि पुढे तालीम देणारे म्हणून त्यांची ख्याती अशी झाली की बालगंधर्वांसारखा नट त्यांच्या हाताखाली घडला. या परंपरेत तालीम म्हणजे करून दाखवणे होते. मास्तर वाक्य म्हणून दाखवत, हात कसा उचलायचा ते दाखवत, आणि नट ते उचलत. ही पद्धत थोर नट घडवू शकली हे नाकारणे म्हणजे इतिहास नाकारणे होईल.

पण ती कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाली? कंपनीतले नट बारा महिने एकत्र राहत, एकच भूमिका वर्षानुवर्षे करत, गावोगाव प्रयोग होत. मास्तरांनी दिलेला साचा पहिल्या काही प्रयोगांत उसना असे, पण पुढच्या शेकडो रात्रींत नट त्यात आपला श्वास भरत असे. आजच्या आमच्या एकांकिकेला महिनाभराच्या तालमी आणि दोन-चार प्रयोग मिळतात. एवढ्या अवधीत उसना साचा उसनाच राहतो. चांगला नट असलेला दिग्दर्शक पाच भूमिका करून दाखवतो आणि रंगमंचावर त्याच्याच पाच फिकट आवृत्त्या उभ्या राहतात. ओठ हलतात ते नटांचे, पण आवाजाची चढउतार दिग्दर्शकाची, हे ओळखायला जाणकार लागत नाही. स्वतःला जमते ते कसे जमते, हे पुष्कळ चांगल्या नटांना सांगता येत नाही. त्यांच्या अंगात ते असते, जाणिवेत नसते. म्हणून स्वतःची भूमिका वठवता येणे आणि दुसऱ्याची भूमिका त्याच्या वाटेने उमलू देणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि मी दिग्दर्शकाकडून मागतो आहे ती दुसरी.

सीमाभागात या विद्येची गरज पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. आमचे नट खानापूर, येळ्ळूर, निपाणी, चिकोडीकडून येतात. त्यांच्यातले बहुतेक जण कुठल्याही नाट्यप्रशिक्षणाला गेलेले नसतात. दिवसा शाळेत, बँकेत, कारखान्यात काम करतात. त्यांची घरची मराठी वेगळ्या चालीची आहे, आणि कित्येकांच्या डोक्यात मराठी आणि कन्नड एकाच वेळी चालू असतात. त्यांच्या हातात संहिता मात्र प्रमाण मराठीतली पडते. पहिल्या वाचनापासून दिग्दर्शक त्यांचे उच्चार सुधारू लागतो: ‘काय करायलास नव्हे, काय करतोस’, ‘“खरं” म्हणू नकोस, “पण” म्हण’. हे सुधारणे कधी तरी करावेच लागते, प्रेक्षकाला वाक्य कळले पाहिजे हेही खरे. पण नटाचे लक्ष एका वेळी एकाच गोष्टीवर धड राहू शकते. ज्या नटाचे सगळे लक्ष आपल्याच जिभेवर पहारा ठेवण्यात गेले, तो समोरच्या पात्राचे ऐकणार कधी? आणि न ऐकणाऱ्या नटाला कितीही ‘एनर्जी वाढव’ म्हटले तरी तो फक्त आवाज वाढवतो. मग आम्ही म्हणतो, आमच्या पोरांना अभिनयाची जाण नाही. ही तक्रार मला फार अन्यायाची वाटते, कारण त्याच पोरांना चहाच्या वेळी एकमेकांची नक्कल करताना पाहिले तर त्यांची निरीक्षणशक्ती थक्क करते.

अभिनयाची साधने माहीत असलेला दिग्दर्शक इथे काय वेगळे करील? शेवटच्या वर्षांत स्तानिस्लावस्की नटांना संहिता पाठ करण्याआधीच प्रसंग उभा करायला लावत: कोण, कुठे, कशासाठी एवढे कळले की आपल्या शब्दांत तो करून पाहायचा आणि लेखकाच्या शब्दांकडे मागाहून यायचे. आमच्या नटाला पहिले आठ दिवस त्याच्या घरच्या बोलीत, हवे तर कन्नडमध्ये, तो प्रसंग खेळू द्यावा. हवे-नको, ओढाताण, थांबणे हे सगळे आधी अंगात बसते, आणि मग प्रमाण वाक्ये त्यावर बसवायला त्रास होत नाही. मी हे होताना पाहिले आहे. कन्नडमध्ये बापाशी कडाकडा भांडून घेतलेल्या मुलीने तेच भांडण मराठीत केले, तेव्हा तिच्या उच्चारांकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो क्वचितच घेतला जातो. अर्धवट कळलेली अभिनयपद्धती ही अज्ञानापेक्षा घातक असते. एखाद्या शिबिरातून भावनिक स्मृतीबद्दल ऐकून आलेला दिग्दर्शक एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस आठवायला सांगतो, ती रडते, आणि त्याला वाटते आपण अभिनय करून घेतला. असे प्रकार घडतात आणि त्यांचा निषेधच केला पाहिजे. पण या आक्षेपाला उत्तर अभिनयाच्या इतिहासातच मिळते. अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यांनी भावनिक स्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग आठवून भावना जागवण्यावर, भर दिला होता. 1934 मध्ये अभिनेत्री स्टेला ॲडलर पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटल्या, त्यांच्याबरोबर काही आठवडे काम केले आणि परत येऊन सहकाऱ्यांना सांगितले, की स्तानिस्लावस्कींचा भर आता नाटकातली परिस्थिती, कल्पनाशक्ती आणि कृती यांवर आहे. म्हणजे नटाच्या जखमा उकरण्यावरचा उतारा त्या विद्येच्या आतच, तिच्या पुढच्या पानांवर आहे. ज्याने पहिलेच पान वाचले त्याच्यामुळे पुस्तक बंद करावे का? उलट, नटाच्या मनाशी आपला संबंध रोज येतो म्हणूनच त्याबद्दल काहीही न शिकता त्यात हात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे शिकायचे कुठे, असे मला विचारले जाते. या भागात मराठीतून नाट्यशिक्षण देणारी मोठी संस्था नाही, हे खरे आहे. पण कोल्हापूर आणि धारवाड दोन्ही दोन-अडीच तासांच्या आत आहेत, धारवाडला रंगायण या नाट्यसंस्थेचे काम चालते, आणि शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूचे नीनासम हे नाट्यकेंद्र के. व्ही. सुब्बण्णांनी 1949 मध्ये एका खेड्यात उभे केले होते, शहरात नव्हे. कन्नडमधून चालणाऱ्या शिबिराला जायला आमच्यातले काही जण बिचकतात. भाषेच्या वादातल्या आमच्या वेदना मी जाणतो आणि त्या माझ्याही आहेत. पण विद्या घ्यायला आपण कुणाच्याही दारात गेलो म्हणून आपली मराठी उणी होत नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. आणि आमच्या आसपासच्या गावांत आजही रात्रभर चालणाऱ्या बयलाट या कन्नड लोकनाट्यात पात्र आत आले की भागवत किंवा सारथी, म्हणजे सूत्रधार, त्याला विचारतो: तुम्ही कोण, कुठून आलात, कशासाठी आलात? पात्र उत्तर देते आणि मगच खेळ पुढे सरकतो. तालमीत दिग्दर्शकाने नटाला विचारायचे प्रश्न हेच आहेत, आणि ते शेजारच्या गावात मोठ्याने विचारले जात आहेत.

माझी सूचना फार लहान आहे. बेळगावातल्या प्रत्येक दिग्दर्शकाने वर्षातून एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली भूमिका करावी. ती लहान असली तरी चालेल, वाईट झाली तरी चालेल. पाठांतर डोक्यात फिरत असताना अंगावर प्रकाश पडतो म्हणजे काय होते, अंधारातून कोणी ‘अजून खोलात जा’ असे ओरडले की शरीर कसे आवळते, आणि कोणी नेमका प्रश्न विचारला की ते कसे मोकळे होते, हे त्याला एकदा आतून कळेल. स्पर्धांच्या आयोजकांनीही दिग्दर्शनाच्या गुणांत नटांच्या कामाला वेगळा आणि ठळक वाटा द्यावा. आज तो अभिनयाच्या पारितोषिकांकडे ढकलला जातो आणि दिग्दर्शक त्यातून सुटतो. याला वेळ नाही, असे म्हणणारे मला भेटतील. महिनाभराच्या तालमीतले किती तास ‘पुन्हा घे, जमत नाही’ म्हणण्यात जातात, याचा हिशेब त्यांनी पुढच्या एकांकिकेच्या वेळी स्वतःच मांडावा.